एडनाने वाचलं, आत्याने ऐकलं

हार्लन्स लँडिंग
१८ जानेवारी २०११

रेजिस,

नाताळात तू आणलेला स्वेटर मला दोन मापं मोठा होतो. म्हणजे एक तर तू मला जाडी समजतोस, नाहीतर पाच वर्षांत तू मला नीट बघितलेलं नाहीस. बर्नीला दिला. तिलाही मोठा झाला, पण ती काही बोलली नाही, घालून बसली. इतक्या वर्षांची मैत्रीण अशी असते आणि भाचा असा असतो.

काल मार्जच्या पार्लरात केस सेट करायला गेले तर तिनं विचारलं, "फिलोमिना, तुझा भाचा पिट्सबर्गला करतो तरी काय?" म्हटलं, यंत्राला वाचायला शिकवतो. ती म्हणाली, "इथे पोरं वाचत नाहीत आणि हा यंत्राच्या मागे लागलाय?" म्हटलं, विद्यापीठ त्याला त्याचा पगार देतं. त्यावर सगळ्या बायकांनी ड्रायरखालून माना बाहेर काढल्या. तेव्हा तुझं नक्की काय चालतं ते एकदा मोठ्या अक्षरात लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस. फोनवर मी नुसती हो-हो म्हणते आणि तुला वाटतं मला कळलं.

आता कामाचं. बिशपांच्या कचेरीनं नदीकाठची चर्चं तपासायला घेतली आहेत, कुठली ठेवायची आणि कुठली मिटवायची. आपल्या सेंट ल्युडमिलात रविवारी माणसांपेक्षा बाकं जास्त असतात हे तुला ठाऊक आहे. फादर टिमको म्हणतात, हे चर्च जिवंत दिसतं ते फक्त उपवासकाळात, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून तळघरात आपण मासे तळून विकतो तेव्हा. म्हणून त्यांनी कचेरीच्या माणसाला मुद्दाम शुक्रवारीच बोलावलंय, आठ एप्रिलला. त्या दिवशी रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर माझं लग्न झालं ती वेदी, तुझा बाप्तिस्मा झाला ते पाणी, सगळं कुलपात जाईल.

तेव्हा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चच्या वेबसाइटवरची 'बंद' पाटी काढायला विसरू नकोस. मासे मी बघते. हालुश्की बर्नी बघते. कोबी आणि शेवया लोण्यात परतायला काय अक्कल लागते असं मी तिला दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी लोक माझा मासा सोडून तिची हालुश्की दुसऱ्यांदा मागतात.

तुझी आत्या

*

पिट्सबर्ग
२४ जानेवारी २०११

आत्या,

स्वेटरबद्दल माफ कर. दुकानात मी मापाच्या ऐवजी किंमत बघितली.

आमच्या यंत्राचं नाव एडना. तिचं काम एकच, इंटरनेटवर लोकांनी लिहिलेलं अखंड वाचायचं आणि त्यातून जगाची माहिती गोळा करायची. सॅमन हा मासा आहे, पिट्सबर्ग हे शहर आहे, अशी. एखादी गोष्ट एका ठिकाणी वाचली तर ती नुसती ध्यानात ठेवते. चार ठिकाणी वाचली तर मानायला लागते. चाळीस ठिकाणी वाचली की मग तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आम्ही आठवड्यातून एकदा जरा वेळ बसून काही ठळक चुकांवर फुल्या मारतो, बाकी तिला कोणी काही शिकवत नाही. तीच आमची शेखी. 'माणसाचा हात न लागता' असं मी भाषणात म्हणतो आणि हात पाठीमागे बांधून उभा राहतो. लोक टाळ्या वाजवतात.

आता ती काय शिकली ते ऐक. परवाच्या बर्फात लोकांनी दारापुढची जागा फावड्यानं मोकळी केली, दुसऱ्या कोणी गाडी लावू नये म्हणून तिथे स्वयंपाकघरातल्या खुर्च्या ठेवल्या, आणि मग त्यावरून इंटरनेटवर भांडत बसले. एडनानं ते सगळं मन लावून वाचलं. आता तिच्या मते स्वयंपाकघरातली खुर्ची हे वाहन आहे. लग्नात मावश्या घरी भाजलेल्या कुकींचं टेबल मांडतात, त्याची वर्णनं वाचून तिची खात्री झाली आहे की नवरीच्या मावश्या हा बेकरीचा एक प्रकार आहे. अकरा वर्षं शिकून, तुमच्या सगळ्यांच्या प्रार्थना घेऊन मी हे घडवलं आहे. मार्जला सांगायचं तर जपून सांग.

अशा गमतींचं मी एक पान चालवतो. माझे शोधनिबंध वाचणारी माणसं एका मोटारीत मावतील, पण हे पान हजारो लोक वाचतात आणि आपापल्या पानांवर उतरवून घेतात. हार्लन्स लँडिंगबद्दलही एडनानं नुकताच एक शोध लावला आहे. तो इथे लिहीत नाही, कारण तू लाटणं घेऊन पुढच्या बसनं येशील.

पाटी वेळेवर काढतो.

रेजिस

*

हार्लन्स लँडिंग
१२ मार्च २०११

रेजिस,

तुझं पत्र मी मार्जला वाचून दाखवलं नाही. हसून हसून केस बिघडले असते सगळ्यांचे.

काल पहिला शुक्रवार झाला. मेल्याघरी याहून जास्त माणसं येतात. दरवर्षी खालच्या गावांतून, थेट पिट्सबर्गातून गाड्या येतात, काल पुलावरून एक गाडी आली ती रस्ता चुकलेली. कॉड मासा तळून तळून मी परातीत रचत होते आणि तो तिथेच मऊ पडत होता. शेवटी फादर टिमकोंनी तीन ताटं खाल्ली, उपवासकाळात, बिचाऱ्यांनी.

दोघातिघांनी सांगितलं, "आम्ही ऐकलं होतं की तुमचं बंद झालं म्हणून." कुठे ऐकलं म्हटलं तर खांदे उडवतात. नातू म्हणाला, सून म्हणाली.

हे कुणाचं काम आहे ते मला कळतंय. नोव्हेंबरात बर्नी म्हणाली होती, "फिल, माझे गुडघे गेले, आता हे बंद करायला हवं." आणि तिची सून जाते नदीपलीकडच्या चर्चला, तिथेही मासे तळतात. मी काही भांडकुदळ बाई नाही. मार्जकडे नुसतं म्हटलं, की असं असं माझ्या मनात येतंय.

तू पाटी काढली होतीस ना?

आत्या

*

पिट्सबर्ग
१५ मार्च २०११

आत्या,

पाटी मी राखेच्या बुधवारी सकाळीच काढली. पान उघडून पुन्हा खात्री केली. 'उघडं आहे' असंच दिसतंय.

हवा वाईट होती शुक्रवारी. नदीला पाणीही चढलं होतं. लोक अशा दिवसांत बाहेर पडत नाहीत. पुढच्या शुक्रवारी येतील.

फक्त एक कर. बर्नीला काही बोलू नकोस. निदान इतक्यात नको. आणि ज्यांनी 'बंद झालं' म्हणून सांगितलं, त्यांनी ते कुठे वाचलं एवढं त्यांना विचारून मला कळव. उगीच, कुतूहल म्हणून.

घाईत आहे, बाकी नंतर.

रेजिस

*

हार्लन्स लँडिंग
१९ मार्च २०११

रेजिस,

कुठे वाचलं म्हणून काय विचारतोस? आमच्याकडे माणसं बोलतात, वाचत नाहीत.

काल पहिल्याहून वाईट गेलं. आणि आता माझ्या मनात तिळभर शंका उरलेली नाही. बुधवारी कोबी आणायला गेले तर खाटीक स्टीव्ह म्हणाला, "ऐकलं ते खरं का, बर्नीच बंद करायला निघालीय म्हणे?" गुरुवारी पोस्टमनही तेच म्हणाला. संध्याकाळी मार्जचा फोन, की सगळीकडे हीच चर्चा आहे. तीन माणसं, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि तिघं एकच सांगतात. मग मी काय समजायचं?

तू म्हणालास बोलू नकोस. मी बोलले. सगळ्या बायका माशांना पीठ लावत उभ्या होत्या, त्यांच्यासमोर बोलले. म्हटलं, "गुडघे दुखत होते तर घरी बसायचं होतंस, सुनेच्या चर्चसाठी आमचं दार कशाला लावतेस?"  बर्नीनं हात पुसले, ॲप्रन सोडला, तिच्या खिळ्याला टांगला आणि जिना चढून गेली. गुडघे दुखतात तिचे, हे तेव्हा दिसलं. एकेका पायरीवर थांबत होती.

हालुश्की झालीच नाही. बिशपांचा माणूस यायला तीन आठवडे आहेत.

मी केलं ते बरोबरच केलं. पण तू तसं लिहून पाठवलंस तर बरं वाटेल.

आत्या

*

पिट्सबर्ग
२२ मार्च २०११

आत्या,

बरोबर केलं नाहीस. पण त्याचं पाप माझ्या माथी आहे, तेव्हा खाली बसून वाच.

बर्नीनं काही केलेलं नाही. केलं ते एडनानं, आणि एडनाकडून करवलं मी.

चर्चचं पान आपण केलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "मोठ्या अक्षरात 'बंद' लिही, नाहीतर लोक जुलैत येऊन दार बडवतात." मी लिहिलं. आपला मासा वर्षातून सात शुक्रवार असतो आणि बाकी वर्षभर त्या पानावर 'बंद' असतं. एडनानं ते मे महिन्यात वाचलं, जूनमध्ये वाचलं, ऑगस्टमध्ये वाचलं. तिला उपवासकाळ कळत नाही. तिनं निष्कर्ष काढला की सेंट ल्युडमिलाचे मासे कायमचे बंद झाले. तेव्हा तिला अर्धवटच खात्री होती. आणखी काही दिवसांनी ती ते विसरलीही असती.

पण मला विनोद सुचला. मी माझ्या गमतींच्या पानावर लिहिलं, 'एडनाचा ताजा शोध: माझ्या आत्याचं मासे तळणं कायमचं बंद. आत्याला कोण सांगणार?' हाच तो शोध, जो मी तुला जानेवारीत लिहिला नाही. लोकांना फार आवडला. त्यांनी तो चहूकडे उतरवला. आणि एडना काय करते? वाचते. तिनं स्वतःचीच चूक चाळीस ठिकाणी वाचली आणि तिची खात्री पटली. शुक्रवारी मासे कुठे मिळतात ते सांगणारी एक वेबसाइट आहे, ती एडनाची माहिती फुकटात उचलते. त्यांनी आपल्या नावावर काट मारली. लोकांचे नातू आणि सुना तेच फोनवर बघतात.

तुझं पहिल्या शुक्रवारचं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं. त्या मंगळवारी मी एडनाची ती नोंद हातानं खोडली, भाषणातलं वाक्य गिळून. शुक्रवारपर्यंत तिनं ते दहा ठिकाणी वाचून पुन्हा शिकून घेतलं. आणि तुला मी हवेबद्दल आणि नदीच्या पाण्याबद्दल लिहिलं. एक ओळ खरी लिहिली असती तर बर्नी आज स्वयंपाकघरात असती. एवढा शिकलेला माणूस इतका भित्रा असू शकतो हे एडनाला कुठे वाचायला मिळालं तर ती मानेल, कारण ते खरं आहे.

माझं ते पान मी उतरवलं. त्या वेबसाइटवाल्यांना रोज लिहितोय, उत्तर नाही. लोकांनी उतरवून घेतलेलं मला पुसता येत नाही. सांग काय करू.

रेजिस

*

हार्लन्स लँडिंग
२६ मार्च २०११

रेजिस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या त्या बयेला नदीत बुडवावं असं वाटलं आणि तिच्या गळ्यात तुला बांधावं असं.

दुसऱ्यांदा वाचताना 'स्वतःचीच चूक चाळीस ठिकाणी वाचली' इथे अडकले. मग मी स्टीव्हकडे गेले आणि विचारलं, तुला बर्नीचं कुणी सांगितलं? म्हणाला, मार्जनं. पोस्टमनला विचारलं, तोही म्हणाला, मार्जनं. आणि मार्जला कुणी सांगितलं, ते तुला माहीत आहे.

म्हणजे माझंच बोलणं गावभर फिरून माझ्याकडे आलं आणि मी म्हटलं, बघा, सगळे तेच म्हणतात. तुझी एडना निदान यंत्र तरी आहे. मी चांगली चष्मा लावून, एकाहत्तर वर्षांची होऊन हे केलं.

काल बर्नीच्या दारी गेले. तिनं जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "सगळ्यांसमोर बोललीस ना, फिल? मग एकटी येऊन जाळीआडून माफी कसली मागतेस?"  परत आले.

मी आता दारोदार जाऊन सांगणार आहे की मी खोटं बोलले. आणि तू पुढच्या शुक्रवारी इथे ये. चर्चच्या कपाटात कॉड माशाचा पोशाख आहे, तुझ्या आतोबांनी परेडसाठी शिवून घेतलेला. तो घालायचा आणि 'उघडं आहे' अशी पाटी धरून पुलाच्या तोंडाशी उभं राहायचं. पोशाख आतोबांच्या मापाचा आहे. तुला मोठा होईल. काही बोलायचं नाही, घालायचा.

आत्या

*

पिट्सबर्ग
३ एप्रिल २०११

आत्या,

खोकला झाला आहे. कॉडच्या तोंडातून वारा सरळ छातीवर येतो.

तिथे तुला सांगितलं नाही, पण पुलावर माझी एक विद्यार्थिनी गाडीतून उतरली. माशाच्या तोंडात तिनं माझा चेहरा ओळखला. एवढंच म्हणाली, "सर?" मी म्हटलं, "शुक्रवारी उघडं असतं, चार ते सात." तिनं फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आमचे डॉ. रेजिस हुडाक, मासा, सेंट ल्युडमिलासाठी. उघडं आहे.' माझ्या आयुष्यभराच्या लिखाणाला जेवढे वाचक मिळाले नाहीत तेवढे त्या ओळीला एका दिवसात मिळाले. माझ्या खात्याच्या प्रमुखांनीही ती पुढे पाठवली.

काल एडना उघडून बघितली. तुमचे मासे बंद आहेत याबद्दल ती आता डळमळली आहे. पण एक नवी गोष्ट शिकली आहे. रेजिस हुडाक हा माशाचा एक प्रकार आहे, आणि त्याबद्दल तिला कसलीही शंका नाही.

बर्नीचा ॲप्रन खिळ्यालाच होता. दार उघडलं का तिनं?

रेजिस

*

हार्लन्स लँडिंग
९ एप्रिल २०११

रेजिस,

दार उघडलं नाही. पण ऐक.

आठवडाभर मी फिरत होते. स्टीव्हला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. पीठ लावणाऱ्या बायकांना एका रांगेत उभं करून सांगितलं. मार्जकडे सर्वांत कठीण गेलं. ती म्हणाली, "अगं पण सगळेच म्हणतायत की बर्नीनंच..." मी म्हटलं, "सगळे म्हणजे मीच गं, मार्ज." ड्रायर बंद करून सांगावं लागलं, म्हणजे मागच्या खुर्च्यांनाही ऐकू जाईल.

काल रांग जिन्यावरून वर गेली, दारातून बाहेर पडली आणि पेट्रोल पंपापर्यंत पोहोचली. निम्मे लोक विचारत होते, मासा कुठे आहे, म्हणजे तू. हालुश्की मी केली. कोबी करपला आणि शेवयांचा गोळा झाला. कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

आणि रांगेत बर्नी होती. गिऱ्हाइकासारखी उभी राहिली, पैसे दिले, ताट घेतलं. मी वाढत होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तुझा तो ढगळ स्वेटर घातला होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली आणि बिशपांचा माणूस नेमका तिच्यासमोर जाऊन बसला. मी परात पुसायच्या निमित्तानं जवळ गेले.

तो म्हणाला, "मी येण्याआधी चौकशी केली, तर तुमचं हे बंद झाल्याचं लिहिलेलं सापडलं. इथल्याच कोणा बाईला बंद करायचं होतं असंही कानावर आलं."

बर्नी म्हणाली, "ती बाई मीच."

मी तीच परात पुन्हा पुसायला घेतली.

"माझे गुडघे गेलेत," ती म्हणाली. "बंद करा असं मी एकदा म्हटलं, एकीलाच, तीही मैत्रीण म्हणून. तुम्ही लिहिलेलं वाचून आलात, आता रांग बघून जा. आणि ही हालुश्की खाऊन बघा."

त्यानं खाल्ली. चेहरा सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला त्यानं.

"हे काय आहे?" म्हणाला.

"मी नसले की असं होतं," बर्नी म्हणाली. "पण लोक तरी येतातच की नाही?"

मग तिनं ती सगळी हालुश्की संपवली, शेवटच्या करपलेल्या कोबीपर्यंत, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेली. मी कोठीत जाऊन रडले. तुला म्हणून सांगते.

आत्या

*

पिट्सबर्ग
२६ एप्रिल २०११

आत्या,

ईस्टर झाला, उपवासकाळ संपला, आता वर्षभरासाठी चर्चचं पान बदलायला हवं. या वेळी 'बंद' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिणार नाही. काय लिहू ते तू सांग, एडना वाचतेच आहे. ती माशांची वेबसाइट आता आपल्याला 'उघडं' म्हणते, आणि म्हणत राहील, डिसेंबरातही.

आणि बिशपांचं काही कळलं का?

मी मासा आहे या नोंदीवर फुली मारायची आठवण मुलांनी दोनदा करून दिली. अजून मारलेली नाही.

रेजिस

*

हार्लन्स लँडिंग
३० एप्रिल २०११

रेजिस,

बिशपांचं उत्तर आलं. चर्च राहतंय. फादर टिमको मात्र आता एक रविवार आपल्याकडे आणि एक रविवार नदीपलीकडे, असे वाटले जाणार. मला वाईट वाटलं, त्यांना नाही. पलीकडचा मासा त्यांना चाखून बघायचा होता, आता राजरोस खाता येईल.

फुली मारू नकोस. तू मासा नाहीस असं मी तरी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

गुड फ्रायडेच्या दुपारी मी कोबी चिरत होते. जिन्यावर पावलं वाजली, एकेका पायरीवर थांबत. मी मान वर केली नाही. धीर झाला नाही. बर्नीनं खिळ्यावरचा ॲप्रन काढला, बांधला, माझ्या हातातली सुरी घेतली आणि मी चिरलेला सगळा कोबी बादलीत टाकला. म्हणाली, "जाड चिरलास." मी म्हटलं, "हो." मी तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं आणि ती त्यावर बसली. पूर्वी कधी मला ते सुचलं नव्हतं.

पानावर काय लिहायचं ते मी तिला काल विचारलं. तिनं विचार करून सांगितलं, तेच मोठ्या अक्षरात लिही, एडनाला नीट वाचता येईल असं:

'पुढच्या उपवासकाळात भेटू. हालुश्की बर्नी करणार आहे. बसून.'

आत्या